चौकातली पितळी बाई

४ जानेवारी

दादा,

तुझं पत्र परवा आलं. पाकिटावरच्या अक्षरावरून ओळखलं. अकरा वर्षांत अक्षर तसंच राहिलंय, फक्त ओळी उजवीकडे खाली उतरायला लागल्यात. डोळे तपासून घे.

मी तेव्हा कामावर होते. ह्यांनी पाकीट न फोडता टेबलावर ठेवलं होतं, उडू नये म्हणून वर चष्म्याचं घर. मी घरी येऊन कपडे बदलले, चहा टाकला आणि मग वाचलं. हे म्हणाले, काय म्हणतो? म्हटलं, पुतळ्याबद्दल लिहिलंय. त्यावर हे पेपर उघडून बसले.

तीन पानांपैकी पावणेतीन पानं पुतळ्याची आहेत आणि शेवटी ‘तुम्ही सगळे बरे असाल’. बरे आहोत. घरोघर विजेचे मीटर वाचत हिंडून ह्यांचे गुडघे कामातून गेलेत, आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मी अजून इस्पितळातच आहे, चादरी शिवायच्या खोलीत. पूर्वी आम्ही चौघी होतो, आता मी आणि एक मशीन. चादर नेहमी मधे विरते, कडा धड असतात. ती मधून उभी फाडायची, दोन्ही कडा मधे आणून जोडायच्या, विरलेला भाग बाजूला जातो. मग ती आणखी तीन-चार वर्षं चालते. दिवसाला अशा बारा होतात. हे लिहायचं कारण एवढंच, की तू विचारलं नाहीस.

रस्ता रुंद होणार हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. चौकातले बाक, लोखंडी कठडा आणि तुझी बाई मधे येतात. नगरपालिकेने नोटीस डकवलीय: पुतळा आहे तिथे ठेवावा की हलवावा, लोकांनी मत द्यावं, फेब्रुवारीत सुनावणी. तू लिहितोस की मी तिथे जाऊन बोलावं, कारण ‘त्या शिल्पावर तुझ्याइतका कोणाचा हक्क नाही’. हे वाक्य मी दोनदा वाचलं. पुतळा उभा राहून बत्तीस वर्षं झाली आणि हे तू आत्ता म्हणतोयस, जेव्हा तो उचलायची वेळ आली.

मला कलेतलं ओ की ठो कळत नाही. तरी बघते.

चिमी

१६ जानेवारी

दादा,

रविवारी चौकात जाऊन आले. तुला वाटेल यात काय विशेष, गावातच तर राहते. पण मी तिकडून जात नाही. इस्पितळाला मागच्या गल्लीने जाते, सात मिनिटं जास्त लागतात. लग्न झाल्यापासून ह्यांनाही तीच सवय. आम्ही दोघांनी ह्यावर कधी बोलून काही ठरवलं नाही.

पितळी बाई म्हणतात तिला इथे. पितळ नाही, ब्राँझ आहे, हे सांगायला पहिली काही वर्षं तू होतास, आता कोणी नाही. तशीच बसलीय पायरीवर. एक गुडघा वर, त्यावर हनुवटी, वेणी पुढे आलेली. गुडघा मुलांनी चढून चढून पिवळाधमक झालाय, बाकीची काळपट. मानेत कोणीतरी फुग्यांचा दोरा बांधला होता. तिच्या पायरीला टेकून एक किल्लीवाला बसतो, तो तिच्या पावलावर आपली पेटी ठेवतो. मी बघत उभी राहिले तर त्याला वाटलं किल्ली करायचीय. म्हटलं, नाही, पुतळा बघतेय. तो म्हणाला, बघा की. त्याला विचारलं, तुम्हाला कशी वाटते? त्याने मान वळवून तिच्याकडे असं बघितलं, जसं आपण शेजारच्यांकडे बघतो. म्हणाला, बाई सरळ आहे, कोणाच्या अध्यात ना मध्यात, सावली देते.

मग एक गृहस्थ आले. शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहेत, पुतळा वाचवायला सह्या गोळा करतायत. मी थांबलेली बघून त्यांनी मला समजावून सांगायला घेतलं. ही वाट बघतेय, म्हणाले. पाटीवर ‘प्रतीक्षा’ आहेच, पण पाटी नसती तरी कळलं असतं. नजर बघा, लांब रस्त्यावर आहे. ओठ बघा, तो येणार नाही हे तिला कळून चुकलंय आणि तरी ती उठत नाही. त्यांनी माझ्या ओठांबद्दल बरंच सांगितलं. मी समोर उभी होते, ओठांसकट. चेहरा उन्हात होता. त्यांना काही दिसलं नाही. त्रेपन्नाव्या वर्षी एकोणिसाव्या वर्षासारखं कोण दिसतं म्हणा. मी सही केली. पेनही त्यांचंच होतं.

तुझ्या पत्रात आहे की सार्वजनिक ठिकाणची कला हा गावाचा आत्मा असतो. असेल. मला एवढंच कळतं, की चित्र भिंतीच्या आत असलं तर ज्याला बघायचं तो तिकीट काढून जातो. चौकात मांडलं की ज्याला बघायचं नाही त्यालाही बघावं लागतं, नाहीतर सात मिनिटं आधी घरातून निघावं लागतं.

तिच्यापुढे उभी राहून मला काही वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही.

चिमी

३० जानेवारी

दादा,

टाइप केलेलं निवेदन मिळालं. ते मी सुनावणीत वाचावं अशी तुझी इच्छा आहे. ‘शिल्पकाराची भगिनी या नात्याने’ अशी सुरुवात आहे. पुढे लिहिलंयस की ही परतीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली स्त्री आहे, आणि आपण सगळेच कोणाची तरी वाट बघत असतो. भाषा चांगली आहे. सवयीने दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं.

मी ते ह्यांना वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं.

तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. हे मला बघायला आले त्याच्या आधी सहा महिने ह्यांनी पुतळा बघितला होता. ह्या भागात नवीन नेमणूक होती, चौकातल्या दुकानांचे मीटर ह्यांच्याकडेच होते. आमचं ठरलं, लग्न झालं. पहिल्याच महिन्यात एकदा जेवताना ह्यांनी विचारलं, ती तूच ना? मी हो म्हटलं. मग म्हणाले, कोणाची वाट बघत होतीस? म्हटलं, कोणाची नाही, दादाने आपलं नाव दिलंय. हे म्हणाले, बरं. त्यानंतर चार-पाच वर्षांनी एकदा विचारलं, आणि बाबा गेले तेव्हा एकदा, तू आला नाहीस त्या आठवड्यात. दर वेळी मी तेच उत्तर दिलं आणि दर वेळी हे बरं म्हणाले. भांडण नाही, तंडण नाही. ह्यांनी कधी आवाज चढवला नाही. पण मी पोस्टात गेले आणि यायला उशीर झाला तर हे दारात उभे असायचे, आणि मी आले की आत जायचे.

निवेदन ऐकून झाल्यावर हे म्हणाले, म्हणजे वाटच बघत होतीस. तुझा भाऊच लिहितोय.

मी उठून भांडी घासली.

तुला ठाऊक आहे मी वाट बघत नव्हते. तुझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. मग हे तू का लिहिलंस, हे मी तुला विचारत नाहीये. नुसतं लिहितेय.

चिमी

१३ फेब्रुवारी

दादा,

काल सुनावणी झाली. तुला चित्रकलेच्या मास्तरांनी कळवलं असेलच, पण माझ्याकडूनही ऐक.

नगरपालिकेच्या वरच्या हॉलमधे सत्तरेक माणसं होती, खुर्च्या पन्नास. अधिकारी बांधकाम खात्याचे, तरुण, घसा बसलेले. प्रत्येकाला तीन मिनिटं. मास्तर वीस मिनिटं बोलले, त्यांना थांबवायचा धीर कोणाला झाला नाही. चष्म्याच्या दुकानदाराने सांगितलं की त्याचं दुकान बरोबर पुतळ्याच्या पाठीमागे येतं, बत्तीस वर्षं तो लोकांना पत्ता सांगताना बाईच्या पाठीला पाठ असं सांगतोय, आता पुरे. सगळे हसले. एक कडेवर मूल असलेली बाई म्हणाली, गावात एवढे पुतळे आहेत, सगळे आपल्याला बोट दाखवतात, ही एकटीच गप्प बसलेली आहे, तर हिला राहू द्या. मला ती बाई आवडली. एक जण म्हणाला, ह्यात कला काय आहे, अशा बायका आमच्या घरी रोज बसतात. त्याचंही मला चूक वाटलं नाही.

माझं नाव पुकारलं. तुझं निवेदन पिशवीत होतं, ते काढलं नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं, आपण कोण? आपलं काय नातं?

मी म्हटलं, “ती मी आहे.”

त्यांना आधी कळलं नाही. मग हॉलमधली डोकी एकेक करून वळली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

मी म्हटलं, “ती कोणाची वाट बघत नाहीये. तिची आई पाऊण तासापूर्वी गेलीय. ती लांब रस्त्याकडे बघत नाहीये, तिथे रस्ताच नव्हता. मोरी होती. मोरीच्या जाळीत साबणाची चकती अडकली होती, ती त्या चकतीकडे बघतेय.”

हॉलमधे पंखे चालू होते. अधिकाऱ्यांनी विचारलं, “मग आपलं मत काय धरायचं? ठेवावा की हलवावा?”

याचा मी विचारच केला नव्हता, दादा. मी म्हटलं, पाटी बदला. ते म्हणाले, पाटी विषयात नाही. मग त्यांनी मला तटस्थ म्हणून लिहून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं.

आता उरलेलं तुझ्यासाठी, कारण ते हॉलला सांगायचं नव्हतं. आई सव्वादोनला गेली. बाबा डॉक्टरांकडे दाखला आणायला गेले. मी मागच्या पायरीवर येऊन बसले. मग तू आलास. मला वाटलं, तू माझ्याशेजारी येऊन बसशील. तुला जागा व्हावी म्हणून मी सरकायला लागले, तर तू म्हणालास, “हलू नकोस.” मला वाटलं, माझ्या पाठीवर गांधीलमाशी बसलीय. मी श्वास धरून बसले. तू नळाजवळ बादली उपडी टाकून तिच्यावर बसलास आणि मला पेन्सिलीचा आवाज यायला लागला. वाटलं, कोणाकोणाला कळवायचं त्याची यादी करतोयस. मला बरं वाटलं, म्हटलं चला, घरात कोणीतरी शुद्धीवर आहे. माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी मी हलले नाही. बाबा परत आले आणि त्यांनी विचारलं, कळवलं का लोकांना? कोणालाच कळवलं नव्हतं. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दोन वर्षांनी चौकात पडदा ओढला तेव्हा पडला. बाबा शेजारी होते. ते म्हणाले, छान झालीय, आणि मग माझ्या पायाकडे बघितलं, मग पुतळ्याच्या. तुझ्या गळ्यात तेव्हा हार होते.

हॉलच्या बाहेर आले तर हे जिन्याशी उभे. मला माहीत नव्हतं हे आलेत. मागच्या रांगेत उभे होते म्हणे. घरी जाताना ह्यांनी मागची गल्ली धरली नाही, सरळ चौकाकडे वळले. पुतळ्यापुढे थांबले. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “तीस वर्षं मला वाटत होतं, कोणीतरी होता.”

मी म्हटलं, “कोणी नव्हतं हे मी तुम्हाला सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंस. पण हिच्याकडे बघितलं की पटायचं नाही.”

तुझ्या कामाची इतकी मोठी तारीफ कोणी केली नसेल. मग ह्यांचा गुडघा दुखायला लागला, म्हणून आम्ही बाकावर बसलो. किल्लीवाला पेटी आवरत होता.

चिमी

११ मार्च

दादा,

पत्र मिळालं. तू लिहिलंस की तेव्हा तुला दुसरं काही करताच आलं नसतं, हात चालू राहिला म्हणून तू उभा राहिलास, थांबला असता तर कोसळला असतास. मी विश्वास ठेवते. तुझ्या वेळी तुला काय झालं ते तुला माहीत. पुतळ्याला ते नाव का दिलंस त्याचंही लिहिलंस: स्पर्धेच्या फॉर्मवर नाव लिहायचं होतं, खरं लिहायची लाज वाटली, आणि एकदा लिहिल्यावर सगळे त्याच नावाने बोलायला लागले, मग तुलाही ते खरं वाटायला लागलं. हे मला सगळ्यात जास्त पटलं.

तू विचारतोस, मी रागावलेय का. मी शोधून बघितलं. इस्पितळात टाके घालायच्या आधी जागा बधिर करतात, आणि मग डॉक्टर विचारतात, दुखतंय का? माणूस म्हणतो, दाबताय ते कळतंय. तसं आहे. दाबतंय ते कळतंय. तू बाबांना पोचवायला आला नाहीस त्याचं कारण आपल्या दोघांत हा पुतळा होता हेच, असं तू लिहितोस. तूच म्हणतोयस तर असेल. मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं की तुला विमानाचं तिकीट मिळालं नाही.

पुतळा हलला. पाणी पुरवठ्याच्या टाकीशेजारी बाग आहे, तिथे नेला. मंगळवारी सकाळी क्रेन आली. मी अर्धा दिवस रजा काढली, का ते विचारू नकोस. चार माणसं होती. त्यांनी तिच्या काखेतून आणि गुडघ्याखालून पट्टे घातले. चेहऱ्याला साखळी घासू नये म्हणून मुकादमाने गोणपाट बांधायला सांगितलं, तर एक जण म्हणाला, तोंड नको बांधू, वाईट दिसतं, आणि त्याने आपला टॉवेल साखळीलाच गुंडाळला. उचलल्यावर खालून दिसलं, आत सगळं पोकळ. मला माहीत नव्हतं. मला वाटायचं भरीव आहे. आत एक चिमणीचं जुनं घरटं होतं, ते गवत रस्त्यावर पडलं. किल्लीवाला आता बँकेच्या भिंतीला टेकून बसतो. म्हणतो, ऊन लागतं.

पाटी काढताना फुटली. बागेतल्या नव्या चौथऱ्यावर नुसती चार भोकं पाडून ठेवलीत. मास्तर घरी येऊन गेले. म्हणाले, मी इतकी वर्षं मुलांना चुकीचं शिकवलं. मी म्हटलं, मुलांचं काही बिघडलं नसेल. नव्या पाटीसाठी त्यांना मजकूर हवाय, माझ्याकडून. मी अजून दिलेला नाही. नाहीच दिला तर भोकं तशीच राहतील, मला चालेल.

मी आता कामावर चौकातून जाते. तिथे रस्ता खोदलाय, त्यामुळे चौदा मिनिटं जास्त लागतात.

चिमी

५ एप्रिल

दादा,

पार्सल मिळालं. तू पत्र घातलं नाहीस, नुसती वही. ते बरं केलंस.

दोन दिवस ती कपाटावर ठेवली होती. काल रविवारी दुपारी हे झोपले तेव्हा काढली. कागद पिवळा पडलाय, कडा चुरगळल्यात. बाहेर तारीख आहे, तुझ्या अक्षरात, त्याच दिवसाची. आत माझी अकरा चित्रं आहेत. पहिल्या चारांत रेघा एकावर एक पडल्यात. पाचव्यापासून तुला सापडायला लागलंय. सहाव्या-सातव्यात मी अगदी पुतळ्यासारखी आहे. पुतळाच माझ्यासारखा म्हणायला हवं, पण तसं वाटत नाही.

नवव्या पानावर तू जागा बदललीयस. बादली सरकवून भिंतीशी गेला असशील. तिथून माझ्यामागचं दार दिसतं. दार उघडं आहे, आत पलंगाचा शेवट, पलंगाला चादर अपुरी पडलीय आणि चादरीबाहेर आईचे पाय.

आता तुला एक सांगते, जे मी बाबांनाही सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. दाखला आणायला निघताना बाबा मला म्हणाले होते, मी येईपर्यंत तिच्याजवळ बस, तिला एकटीला ठेवू नकोस. मी हो म्हटलं आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. आत गेले नाही. बाबा आले तेव्हा त्यांनी विचारलं, बसली होतीस ना? मी हो म्हटलं. नंतर घरात माणसं भरली आणि मी जे बघितलं ते सगळं झाकलेलंच. त्या दुपारी आई कशी दिसत होती ते मी बघितलं नव्हतं. मला वाटायचं, कोणीच बघितलं नाही.

तू बघितलंस. डाव्या टाचेची भेग काढलीयस. उजव्या पायाचा अंगठा, तो पाटा पडून वाकडा झालेला, तो तसाच वाकडा आहे. नखसुद्धा. दुसऱ्या चित्रांत माझ्यावर तू इतका वेळ घालवलेला नाहीस, जेवढा ह्या दोन पायांवर. पान माझ्या चित्राचं आहे, पण मी त्यात नुसती एका बाजूला, घाईने उरकलेली, पाच-सहा रेघांत.

म्हणजे तिच्याजवळ कोणीतरी होतं.

मी वही घेऊन बराच वेळ बसले होते. हे उठले, चहा मागायला आले आणि माझ्याकडे बघून ह्यांनी स्वतःच आत जाऊन चहा टाकला. साखर जास्त झाली होती.

सुनावणीत मला कोणी विचारलं असतं की ह्यात कला काय आहे, तर मला सांगता आलं नसतं. अजूनही सांगता येत नाही. पण आईचे पाय तू चांगले काढलेत, दादा.

ते पान मी वहीतून कापून ठेवून घेतलंय. बाकीची वही उद्या रजिस्टर टपालाने परत पाठवते. पान मागू नकोस.

चिमी